डोळ्यात घालायचं पाणी

डोळ्यात घालायच्या थेंबांबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये. मेडिकलवाल्यांनी तर मुळीच नाही. कोरड्या डोळ्यांसाठी लातूरच्या दुकानांत जे जे मिळतं ते बहुतेक सगळं मी माझ्या डोळ्यांत घालून बघितलं आहे. तरीही मी चिठ्ठी पुढे केली की काउंटरमागचा माणूस शेल्फवरून भलतीच बाटली काढतो आणि म्हणतो, "सेमच हाय मॅडम, फक्त कंपनी वेगळी." सेम नसते. एक औषध पाण्यासारखं पातळ असतं, ते डोळ्यात थांबत नाही, गालावरून खाली येतं. एक खिरीसारखं दाट असतं, ते डोळ्यात थांबतं, पण काही वेळ पुढचं दिसू देत नाही. हा फरक कळायला डॉक्टर असावं लागत नाही. आणि हा फरक एकाला न कळल्यामुळे माझं माहेर तुटलं होतं, म्हणून मी चिडते. नवरा म्हणतो, तू त्याआधीही चिडायचीस. त्याला कुणी विचारलंय?

मी घरातल्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करते. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस आहेत आणि प्रत्येक क्लासला दर रविवारी परीक्षा घ्यायचीच असते, त्यामुळे प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या बाईला मरायला सवड नाही. सकाळी केरवारे झाले की मी स्क्रीनसमोर बसते, डोक्यावर पंखा गरगरत असतो, आणि जेवायला उठले तर उठले. सुरुवातीला डोळे उगीच वाहायचे. पेपर न्यायला येणारे सर दबक्या आवाजात विचारायचे, "मॅडम, घरी काही झालं का?" स्कूटीवर वारं लागलं तरी वाहायचे, मिरचीची फोडणी पडली तरी वाहायचे. मग हळूहळू वाहायचे बंद झाले. मला वाटलं, सुटले एकदाची.

कांदे कापताना डोळ्यांना पाणी येईना, हे तर मी कौतुकाने सांगत सुटले. माहेरी काही कार्यक्रम असला की भावजय कांद्यांची अख्खी पाटी माझ्यापुढे सरकवायची. "आक्काकडं द्या, आक्काला काय होत न्हाई." होत नव्हतं हे खरं आहे. पुढे डोळ्यात कुणी रवा टाकल्यासारखं खुपायला लागलं, संध्याकाळी पापणी मिटायची म्हटली तर जिवावर यायचं, तरी मी कुठे दाखवलं नाही. चाळिशी उलटली की असंच असतं म्हणून गप्प बसले.

माझं माहेर नायगाव तालुक्यात, नांदेडच्याही पुढे. आबा, म्हणजे माझे वडील, तिथेच गेले. सकाळी शेतातून आले, ओट्यावर टेकले, आणि टेकले ते टेकलेच. धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी जीवशास्त्राचा पेपर टाइप करत होते. तो काय बोलला ते आता आठवत नाही, पण स्क्रीनवर अर्धवट राहिलेला प्रश्न आठवतो, तो वनस्पतींच्या श्वसनाचा होता.

मी रडले. हे मी इथे ठासून लिहून ठेवते. नवरा गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसून लातूरपासून रडत होते. अहमदपूर येईपर्यंत माझा घसा बसला. छाती भरून यायची, हुंदके यायचे, उचकी लागायची. डोळ्यांतून मात्र काहीच येत नव्हतं. डोळे नुसते भाजत होते. मी रुमाल लावायचे आणि रुमाल कोरडाच खाली यायचा. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मी रुमालाकडे बघायच्या मन:स्थितीत नव्हतेच.

आमच्याकडे बाप गेलेली लेक गल्लीच्या तोंडापासून हेल काढत यावी लागते. तिचा आवाज ऐकला की घरातल्या बायका उठून दारात येतात, गळ्यात पडतात, आणि मग गेलेल्या माणसाचं एकेक आठवून, त्याला हाका मारून, दोघीतिघींनी मिळून रडायचं असतं. बाकीच्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या असतात. त्या रडत असतात तशा बघतही असतात. कुणाच्या रडण्यात किती दम होता, कोण नुसतीच तोंडाला पदर लावून बसली, कुणाला चक्कर आली, हे पुढे लग्नाकार्यात, शेंगा फोडताना, कितीतरी वर्षं बोललं जातं. माझा घसा वाटेतच गेला होता. मी गल्लीतून चालत आले ती गुपचूप आले, आबांच्या पायाशी बसले आणि त्यांचे पाय धरून राहिले.

माय भिंतीशी बसली होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, दोन्ही बाजूंना बायका. मी उठून तिच्या गळ्यात पडले. तिने हात वर केले नाहीत. लाकडासारखी ताठ बसून राहिली. मी तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं होतं तेवढ्यात माझ्या पाठीमागे कुजबुज सुरू झाली, आणि एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात जात ती माझ्या कानापर्यंत आली. "लेकीच्या डोळ्याला पाणी न्हाई."

मी मागे वळून बघितलं. भावजय खांबाशी बसली होती. नाक लाल, गाल ओले, पदराचं टोक पिळून काढावं इतकं भिजलेलं. भावजय चांगली रडते. लग्नात रडते, टीव्हीवर रडते, गाय व्यायली तरी रडते. माझी खात्री पटली की हे वाक्य हिच्याच तोंडून निघालं असणार. दुसरं कोण म्हणणार?

दहाव्याला ती खात्री पक्की झाली. जेवणं उरकली होती, आम्ही बायका मागच्या अंगणात भांडी आवरत होतो. भावजय माझ्याकडे न बघता म्हणाली, "आक्का, कांद्याला न्हाई ते न्हाई, आबालाबी न्हाई?"

मी हातातलं पातेलं दगडावर आपटलं. तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या माहेरच्यांनाही त्यात घेतलं. ती लगेच रडायला लागली, तिचं ते तयारच असतं, आणि तिचं रडणं बघून सगळ्या बायका तिच्या बाजूच्या झाल्या. माय दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि वळून आत गेली.

भावजय काय म्हणते याची मला फिकीर नव्हती. गाव काय म्हणतं याचीही नव्हती, मला थोडंच तिथे राहायचं होतं. मला एवढंच हवं होतं की मायने मानावं, आपली लेक आपल्या बापाला रडली. पण माय माझ्याशी बोलेनाशी झाली. मी फोन केला की "हाव", "बरं हाय", "जेवलीस का", आणि लगेच फोन नातीकडे. आधी ही बाई मला वांग्यांचा भाव आणि शेजारणीची भांडणं इत्थंभूत सांगायची. तिने मानलंच होतं की माझ्या डोळ्यांना पाणी नाही, आणि तिनेच मानल्यावर मी कुणापुढे सिद्ध करायचं?

शेवटी स्क्रीनवर अक्षरं दोन-दोन दिसायला लागली तेव्हा मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. बाई होत्या, घाईत होत्या. त्यांनी माझ्या खालच्या पापण्यांत कागदाच्या दोन बारीक पट्ट्या अडकवल्या आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. डोळ्यांत पाणी असेल तर पट्टी ओली होत जाते. थोड्या वेळाने त्यांनी पट्ट्या काढल्या, उजेडात धरल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांना पाणीच नाही हो, ताई."

मला हसूच फुटलं. डॉक्टरबाईंना वाटलं मी त्यांना हसतेय. लातूरच्या माणसाला पाणी नाही हे ऐकायची सवय असते, नळाला नाही, बोअरला नाही, टँकर आलेला नाही. पण हे शब्द मी आधी कुठे ऐकले होते ते त्यांना काय सांगायचं! त्यांनी मला समजावलं की डोळ्यांतलं पाणी तयार करणाऱ्या ग्रंथीच सुकल्यासारख्या झाल्या आहेत, हा आजार आहे, जाणारा नाही, बाहेरून पाणी घालत राहायचं. आणि स्क्रीन कमी बघा म्हणाल्या. मी म्हटलं, मग पोटाला काय बघू?

दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच मी भावाला फोन लावला. मला वाटलं, आता तरी कळेल सगळ्यांना. "डॉक्टर म्हणाल्यात, माझ्या डोळ्यांना पाणी नाही," मी म्हटलं. त्याने फोन स्पीकरवर ठेवलेला होता. पलीकडून भावजयीचा आवाज आला, "तेच तर आमी म्हणायलो!"

मी फोन बंद केला. बराच वेळ स्कूटीला किल्ली लागेना.

तर मग थेंब सुरू झाले. डॉक्टरकडे जाण्याआधी मी मेडिकलमधून न विचारता एक बाटली आणलेली होती, डोळ्यांची लाली घालवणारी. ती घातली की डोळे पांढरेशुभ्र व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत दुप्पट लाल. डॉक्टरबाईंनी ती बाटली माझ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यांनी लिहून दिलेलं पहिलं औषध पातळ होतं. घातल्या घातल्या थंडगार वाटायचं आणि चहा निवायच्या आत डोळे पुन्हा कोरडे. त्यात औषध टिकावं म्हणून काहीतरी घातलेलं असतं, ते दिवसातून तीन-चारदा घालणाऱ्याला चालतं, माझ्यासारखी उठसूट घालणारी असली तर तेच डोळ्यांना झोंबायला लागतं. झोंबतंय म्हणून पुन्हा घालायचं, घातलं म्हणून पुन्हा झोंबायचं. मग त्यांनी दाट दिलं. ते छान टिकायचं, पण घातल्यावर सगळं जग तूप लावलेल्या काचेतून बघितल्यासारखं. त्या धुक्यात मी भौतिकशास्त्राचा पेपर टाइप केला आणि "वस्तूवर बल लावल्यास तिची गती बदलते" याच्या जागी "वस्तूवर बैल लावल्यास तिची गती बदलते" असं छापून गेलं. क्लासचे सर तो कागद नाचवत आले. मी म्हटलं, चूक काय आहे त्यात, बैल लावल्यावर बदलतेच की. ते हसले नाहीत.

रात्री घालायचं मलम वेगळं. ते घातलं की सकाळी पापण्या एकमेकींना चिकटलेल्या आणि उशीच्या अभ्र्याला तेलकट डाग. सगळ्यात बरं निघालं ते एकेका वेळेपुरतं, चिमुकल्या प्लास्टिकच्या नळीत येतं ते. नळीचं डोकं मोडायचं, दोन्ही डोळ्यांत थेंब टाकायचे, नळी फेकून द्यायची. त्यात टिकवायचं काही घातलेलं नसतं, म्हणून झोंबत नाही, आणि मला जे मानवलं ते जरा दाटसर होतं, म्हणून गालावर येत नाही. नवरा मात्र उघडलेल्या नळ्या फ्रिजच्या दारात दह्याच्या शेजारी उभ्या करून ठेवायचा. "एवढं राहिलंय, कशाला फेकतेस?" मी त्या फेकायचे, तो उचलून ठेवायचा. या विषयावर आमच्या घरात अजून शांतता नाही. गुलाबपाणी, कोथिंबिरीचं पाणी, शेळीचं दूध सुचवणारे लोकही भेटले. एका बाईने एरंडेल सुचवलं. मी तिला म्हटलं, आधी तुमच्या डोळ्यात घालू, मग बघू.

वर्षश्राद्ध आलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मी एसटीने एकटी निघाले. नांदेडच्या स्टँडवर उतरले आणि पर्स चाचपली तेव्हा कळलं की नळ्यांचं पाकीट लातूरला कॉम्प्युटरच्या टेबलावरच राहिलंय. एसटीच्या खिडकीतल्या वाऱ्याने डोळ्यांची आग आग झालेली. स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये गेले. नळीतलं दाट औषध द्या म्हटलं, नावही सांगितलं. त्याने पातळची बाटली काढून ठेवली. "हेच घ्या, सेमच हाय." मी म्हटलं, सेम नाही. तो म्हणाला, "ओ ताई, म्या रोज इकतो, मला कळत न्हाई व्हय?" मी त्याच्याशी भांडायला सुरुवात केली होती, पण तेवढ्यात नायगावच्या गाडीच्या कंडक्टरने घंटी मारली. बाटली घेतली आणि पळाले.

घरी अंगणात मोठी चूल पेटलेली, ओली लाकडं, धुराने अंगण भरलेलं. सगळे डोळे पुसत होते, माझे नुसते जळत होते. आत बायका बसलेल्या, आबांच्या फोटोला हार, माय उंबऱ्याशी. मी उठून गोठ्यामागे गेले, मान वर केली आणि बाटली दाबली. पातळ औषधाचं हेच असतं, एक थेंब म्हणून दाबावं तर तीन-चार पडतात. डोळ्यात राहिलं त्याहून जास्त बाहेर आलं. दोन्ही गालांवरून ओघळ खाली, हनुवटीवरून गळ्यात. मी पदर शोधत होते तेवढ्यात भावजय जनावरांच्या पाण्याची बादली घेऊन वळणावर आली. तिने माझे गाल बघितले, हातातली बाटली बघितली, आणि बादली खाली ठेवली.

"अगं बया! बघा गं, आक्का औषध घालून रडायल्यात!"

गावात लाउडस्पीकर लागतो तसा तिचा आवाज आहे. बायका बाहेर आल्या, मागे पुरुष आले, चुलीवरचा आचारी हातात झारा घेऊन आला. कुणीतरी फिसकन हसलं. मी सगळ्यांना सांगायला लागले की हे रडायचं औषध नाही, हे डोळे कोरडे पडतात त्याचं आहे, आणि माझं नेहमीचं दाट असतं, ते गालावर येत नाही, हे त्या नांदेडच्या गाढवाने पातळ दिलं. बापाच्या श्राद्धाला, गोठ्यामागे, भावकीला पातळ आणि दाट यातला फरक समजावणारी मी किती वेडी दिसले असेन ते मला बोलता बोलताच कळत होतं, तरी मी थांबले नाही. एक चुलती म्हणाली, "वर्सभर न्हाई आलं, आज आलं, तेबी बाटलीतून."

मी उंबऱ्याकडे बघितलं. माय उठून उभी राहिली होती. तिने माझ्याकडे बघितलं, पदर पुढे ओढला आणि खाली बसली. मी ती बाटली उकिरड्यावर भिरकावली आणि आबांच्या श्राद्धाचं जेवण न जेवता चालत स्टँडवर आले. मायने तिथे एक शब्द काढला असता तर मी थांबले असते. तिने काढला नाही, आणि मी ठरवलं की आता पुरे.

त्यानंतर मी गेले नाही. फोनही केला नाही. दिवाळीला भाऊ येऊन साडी ठेवून गेला, ती मी नेसले नाही. मग एक दिवस त्याचा फोन आला. "आक्का, मायचे डोळे लई जळायलेत. दोनदा थेंब आणले, काय फरक न्हाई. तुला ते ठाव हाय सगळं, म्हणून..."

"तुझ्या बायकोला विचार," मी म्हटलं. "तिला डोळ्यांतलं सगळं कळतं."

मग मीच विचारलं, थेंब कोणते आणले ते वाच. त्याने अडखळत नाव वाचलं. लाली घालवणारे होते. मी ओरडले, "फेकून दे आधी! आणि घेऊन ये तिला."

माय आली. भाऊ चहा पिऊन माघारी गेला. मी तिला त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तिच्याही पापण्यांत पट्ट्या अडकवल्या. माय हात मांडीवर ठेवून बसली होती आणि त्या दोन पांढऱ्या पट्ट्या तिच्या सुरकुतल्या गालांवर लोंबत होत्या. पट्ट्या काढल्या तेव्हा मलाही दिसलं, नावालाच ओल होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आईंच्या डोळ्यांना तर तुमच्याहून पाणी कमी आहे. कधीपासून होतंय आजी?"

"लई वर्सं झाली," माय म्हणाली.

"मग सांगितलं का नाही कुणाला?" मी म्हटलं. ती डॉक्टरबाईंच्या टेबलावरच्या काचेच्या डोळ्याकडे बघत राहिली.

दुपारी घरी मी तिला दिवाणावर आडवं केलं. माझ्या मनातला राग गेलेला नव्हता, मी ते काम दात खाऊन करत होते. नळीचं डोकं मोडलं, तिची पापणी ओढली आणि उजव्या डोळ्यात थेंब सोडला. ती दचकली, डोळा घट्ट मिटला, आणि सगळं औषध कानशिलावरून उशीवर गेलं. पुन्हा घातलं. पुन्हा तेच. तिचा अर्धा चेहरा भिजला. तेवढ्यात शेजारीण वाटी परत द्यायला आली. तिने मायकडे बघितलं आणि वाटी हातात घेऊनच खाली बसली. "मावशी, नका हो रडू. माणूस गेलं ते गेलं. किती दिवस रडणार? डोळे जातील."

मी तोंड उघडणार होते. मायने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि शेजारणीकडे बघून मान हलवली. शेजारणीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःचेही डोळे पुसले, किती माया होती हो दोघांची म्हणाली, आणि गेली. मी दार लावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी घातलं की सोंग आणि हिने घातलं की माया!

"तिला सांगितलं का नाहीस, औषध आहे म्हणून?" मी विचारलं.

माय छताकडे बघत होती. उजवा डोळा ओला, डावा तसाच कोरडा, लाल. "तुझा बाप गेला त्या दिशी माझ्या डोळ्यातून टिपूस न्हाई आलं," ती म्हणाली.

मी तिच्या कानशिलावरचं औषध पुसलं.

"पदर ओढून बसले. पण बांगड्या उतरवताना पदर सरकला. समद्या माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या. नवरा मेला आन बाई रडंना. मंग तू आलीस, गळ्यात पडलीस. तुझेबी कोरडे ठाक. मीच म्हणले शेजारच्या बाईच्या कानात, लेकीच्या डोळ्याला पाणी न्हाई. मंग समद्या तुझ्याकडं बघायल्या."

मी ज्या वाक्यासाठी भावजयीला शिव्या घातल्या, ज्याच्यासाठी बापाच्या श्राद्धाला उपाशी परत आले, ते माझ्या मायने माझ्या पाठीमागे, मी तिच्या गळ्यात असताना, म्हटलं होतं. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. "आणि नंतर?" मी ओरडले. "गोठ्यामागे सगळे हसत होते तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं होतंस!"

"काय बोलू? तू लातूरला जाणार व्हतीस. मला तितंच ऱ्हायाचं व्हतं."

मी दिवाणावरच्या रिकाम्या नळ्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या. मग मी विचारलं, माझा आवाज मलाच लहान पोरीसारखा वाटला, "पण मी रडले होते. तुला माहीत होतं ना?"

"मला न्हाई तर कुणाला?" माय म्हणाली. "कोरडं रडू लई जाळतंय."

मी नवी नळी घेतली, तिचं डोकं मोडलं. "डावा डोळा उघड," मी म्हटलं. "आणि मिटू नकोस लगेच."

माय पंधरवडाभर राहिली. भांडणंही झाली, तिला माझी आमटी आवडत नाही आणि मला तिने टीव्हीचा आवाज वाढवलेला आवडत नाही. भावजयीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिची माफी मागायचा तर प्रश्नच नाही, कांद्याचं ते तीच बोलली होती. पण सांगायचं ठरवलं तरी सांगता येत नाही, कारण मायला अजून तिथेच राहायचं आहे. म्हणजे गावात जिच्या डोळ्याला पाणी नाही ती लेक मीच, आणि मीच राहणार. कधी कधी पेपर टाइप करता करता हे आठवतं आणि मी कीबोर्डवर इतक्या जोरात बोटं आपटते की नवरा आतून विचारतो, काय झालं.

भाऊ तिला न्यायला आला तेव्हा मी तिची पिशवी भरून दिली. नळ्यांची पाकिटं मोजून वर ठेवली आणि सांगितलं, "हे दाट. हे रोजचं. उघडलेली नळी ठेवायची नाही." मग त्याच्याखाली एक बाटली सरकवली.

मायने ती काढून डोळ्यांजवळ नेली. "ही तर पातळ. हिला तू शिव्या देत व्हतीस. गालावर उतरती म्हणून."

"म्हणूनच दिली," मी म्हटलं. "कुणी बसायला आलं तर ही घालत जा."